अबोल होडी

भिंगताईचं काम म्हणजे भिंतींवर जाऊन आपटायचं. स्वतः नव्हे, खेळातल्या माणसाला नेऊन आपटवायचं. संगणकावरचा प्रत्येक खेळ बाजारात जाण्याआधी तिच्या टेबलावर येई, आणि तो कुठे फाटतो, कुठे अडतो, कोणत्या कोपऱ्यात माणूस गुडघ्यापर्यंत जमिनीत रुततो, हे ती शोधून काढी. बाकीचे जिथे 'छान आहे' म्हणून पुढे जात, तिथे ती थांबे. म्हणून कार्यालयानं तिला भिंगताई केलं होतं. रुजू झाली तेव्हा तिच्या शाळेच्या दाखल्यावर मुलगा होता आणि खुर्चीत बाई बसली होती. पहिले काही दिवस लोक जरा चाचरले. मग तिनं एकेकाच्या कामातल्या चुका काढायला सुरुवात केली, आणि हिला काय समजावं यापेक्षा हिच्या तावडीतून कसं सुटावं, हा प्रश्न मोठा झाला.

त्या वर्षी तिच्याकडे आलेला खेळ नवा नव्हता. पंचवीसेक वर्षांपूर्वी याच कार्यालयानं तो बाहेरून आणून आपल्या भाषेत उतरवला होता. आता मूळ कर्त्यांनी तो नव्यानं बांधला होता. चित्रं नवी, आवाज नवे, गोष्ट तीच. एक प्रवासी असतो, त्याच्या हातात पेटता दिवा असतो, आणि तो न विझवता दूरच्या किल्ल्यावर पोचवायचा असतो. वाटेत नदी लागते. नदीवर एक होडीवाली आहे. प्रवासी होडीत बसतो, ती वल्हं मारते आणि पलीकडचा काठ येईपर्यंत चकार शब्द बोलत नाही.

हे न बोलणं फार गाजलेलं होतं. त्या खेळात बाकी सगळे बोलत. दुकानदार बोलत, कुंभार बोले, एक बोकडसुद्धा प्रवाशाला दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगे. होडीवाली तेवढी गप्प. काळं पाणी, वल्ह्याचा आवाज आणि मिणमिणता दिवा. ज्यांनी लहानपणी हा खेळ खेळला त्यांनी मोठेपणी या मौनाचे अर्थ लावले. कोणी म्हणे, ती मृत्यू आहे. कोणी म्हणे, ती नदीच आहे. दातांच्या एका डॉक्टरांनी तर 'मौन मंडळ' काढलं होतं. ज्यांच्या धंद्यात समोरच्याला तोंड उघडूनही बोलता येत नाही, त्यांना मौनाची गोडी लागली तर नवल नाही. मंडळाचे सभासद एकत्र जमत, होडीचा प्रसंग लावत, डोळे मिटून ऐकत आणि मग मौनाविषयी संध्याकाळपर्यंत बोलत.

नव्या खेळाचा माल मूळ कर्त्यांकडून आला, भिंगताईनं होडीचा प्रसंग उघडला, आणि होडीवाली बोलू लागली.

बोलू लागली म्हणजे काय, गाऊ लागली. एक ओळ गायची, दोन वाक्यं बोलायची, पुन्हा गायची. गात सांगायचं नि सांगत गायचं, अशी ती सबंध नदी पार करत होती. सोबतच्या टिपणात मूळ कर्त्यांनी सभ्यपणे लिहिलं होतं की यात नवं काही नाही, होडीवाली पहिल्यापासून अशीच आहे. फक्त तुमच्याकडच्या आवृत्तीत तिचं बोलणं गळालेलं दिसतं, तेवढं यावेळी पाहावं. होडीवाली सांगत होती ते असं, की ती नावाड्याच्या घरी मुलगा म्हणून जन्मली आणि मुलगी म्हणून मोठी झाली. बापाच्या तोंडून त्यावर शब्द फुटला नाही. तो काठ सोडून गेला, पण जाताना वल्हं तिच्यासाठी ठेवून गेला.

भिंगताईला ती परकी भाषा कामापुरती येत होती. अर्थ तिला टिपणातून कळला. पण तिचा हात थांबला तो चालीपाशी. ही चाल तिला पाठ होती. घरी भांडी घासताना बाबा हीच गुणगुणत. शब्द नसत, आणि नळ चालू असतानाच फक्त गुणगुणत. नळ बंद की चाल बंद. लहानपणी तिला वाटे, हा नळाचाच आवाज आहे.

बाबा याच कार्यालयात भाषांतरकार होते. जुना खेळ त्यांनीच आपल्या भाषेत आणला होता. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. ती नोकरीला लागण्याआधी ते निवृत्त झाले होते आणि त्यांच्या नावाची बरणी अजून चहाच्या खोलीत होती, त्यात आता खिळे ठेवत. तिनं कानावरचा हेडफोन काढून ध्वनिमुद्रणवाल्याला दिला. त्याला सगळे कानसेन म्हणत. त्यानं पूर्ण गाणं ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि म्हणाला की चाल आणि शब्द एकाच पेटीत बांधलेले आहेत, शब्द काढले की चालही जाते. त्या वेळी कोणीतरी पेटीच काढून घेतली असणार. कोणी, ते त्यानं विचारलं नाही. भला माणूस.

बातमी बाहेर कशी फुटली हे देव जाणे, पण फुटली. कार्यालयावर निरोपांचा पाऊस सुरू झाला. एका गटाचं म्हणणं, मौनाला हात लावाल तर याद राखा. दुसऱ्या गटाचं म्हणणं, लहान मुलांच्या खेळात असली बाई नको. याच खेळात प्रवासी वाटेत दिसेल त्याची मुंडकी उडवतो, त्याबद्दल या गटाची तक्रार नव्हती. तिसऱ्या गटाचं म्हणणं, होडीवालीला ताबडतोब बोलू द्या आणि इतकी वर्षं तिचं तोंड कोणी दाबलं ते जाहीर करा. तिन्ही गट आपापसात भांडत आणि दमले की कार्यालयाला शिव्या घालत.

विभागाचे प्रमुख हे सगळं एकाच चेहऱ्यानं वाचत. त्यांना मधले साहेब म्हणत. वर कोणी नव्हतं नि खाली बरेच होते, तरी ते मधलेच. कारण कोणताही प्रश्न आला की ते त्याचा मध्य शोधत. एकाला खिडकी उघडी नि दुसऱ्याला बंद हवी असली, तर ती अर्धी उघडून दोघांनाही सर्दी देण्याची त्यांची हातोटी होती. त्यांनी सुचवलं की होडीवालीनं गावं, पण शब्दांशिवाय. मग सुचवलं की तिनं बोलावं, पण हवापाण्याबद्दल. शेवटी त्यांना खरा मध्य सापडला. खेळाच्या आतल्या सोयींमध्ये एक बटण ठेवायचं: होडीवाली अबोल की बोलकी. आपोआप लागेल ती अबोल. ज्याला ऐकायची हौस असेल त्यानं आवाज, भाषा, अक्षरांचा आकार अशी दारं ओलांडत आत जावं आणि तिला बोलकी करून घ्यावी. कोणी म्हणायला नको की तिला जागा दिली नाही.

भिंगताईला ही व्यवस्था ओळखीची वाटली. घरी तिचीही अशीच व्यवस्था लावलेली होती.

तिनं साहेबांना सांगितलं की खेळणारे लोक त्या दारांच्या आत कधी जात नाहीत. ती स्वतः पगार घेते म्हणून जाते. होडीवाली आपोआप गप्प लागली तर ती गप्पच राहिली, असं समजावं. साहेब म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, पण तुमचा. याला कोणा अधिकारी माणसाचा शब्द पाहिजे. आणि मग त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

"तुमचे वडील," ते म्हणाले. "त्यांनी सभेत येऊन सांगावं की मौन त्यांनी विचारपूर्वक ठेवलं होतं. म्हणजे ते कलेचा भाग झालं. कलेला कोणी दोष देत नाही."

ती म्हणाली, "बाबा फारसे बोलत नाहीत."

"उत्तमच. मौनाबद्दलच बोलायचंय."

मूळ कर्त्यांना काय कळवायचं ते त्या सभेत ठरणार होतं. एकदा कळवलं की खेळ छापखान्यात गेल्यासारखाच, मागे फिरणं नाही. मौन मंडळालाही बोलावणं गेलं. भिंगताईनं त्या दिवशी एकही चूक नोंदवली नाही, तेव्हा शेजारच्या मुलीनं तिला ताप आहे का विचारलं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. घरात तिघं: बाबा, ती आणि आत्या. आई लवकर गेली, तेव्हा आत्या आठ दिवस मदतीला म्हणून आली होती ती अजून सामान आवरत होती. भिंगताईनं विशीत बाबांना आपलं खरं काय ते सांगितलं, त्या दिवसापासून बाबांनी तिला हाक मारणं सोडलं. रागावले नाहीत. घराबाहेर काढलं नाही. दवाखान्यात तिच्यासोबत गेले, दिवसभर बाकावर बसून एकच वर्तमानपत्र उलटंसुलटं वाचलं, आणि येताना तिची पिशवी स्वतः धरली. फक्त जुन्या नावानं हाक मारवेना आणि नव्या नावानं जीभ वळेना. म्हणून त्यांनी चमचा धरला. चहा झाला की कपावर चमचा वाजवत. फोन आला की ताटावर. तिला कळे. आत्यानं मात्र आठवड्याभरात "मला भाची हवीच होती, तुम्ही दिली नाहीत, तिनं स्वतःच दिली" असं म्हणून विषय मिटवला आणि आपल्या बांगड्यांतली एक जोडी काढून तिच्या हातात घातली. ती घट्ट बसली. अजून निघत नाही.

त्या संध्याकाळी जेवणं झाली. बाबा भांड्यांपाशी उभे राहिले. नळ सुटला, चाल सुरू झाली. भिंगताई स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या मागोमाग तीच चाल गुणगुणू लागली. पण ते जिथे दर वेळी थांबत तिथे ती थांबली नाही. होडीत ऐकलेला पुढचा भाग तिनं पुरा केला.

बाबांनी नळ बंद केला. हातातली पातेली तशीच धरून ते म्हणाले, "हे कुठे ऐकलं?"

"कामावर."

"आलं का परत," बाबा म्हणाले. ते तिला म्हणाले की पातेलीला, हे कळलं नाही.

तिनं सभेचं सांगितलं. साहेबांना काय हवंय तेही सांगितलं, कमीजास्त न करता. तिला स्वतःला काय हवंय ते सांगायला तिनं तोंड उघडलं आणि तेवढं मात्र जमलं नाही. तिच्या मनात इतकंच होतं: बाबांनी तिथे जाऊन मौन मुद्दाम ठेवलं म्हटलं, की होडीवाली कायमची मुकी, आणि मग या घरातला चमचाही मुद्दामच.

बाबांनी पातेली पुसली, उपडी घातली, फडकं वाळत टाकलं. मग म्हणाले, "येईन."

बाहेरच्या खोलीतून आत्या म्हणाली, "एका संध्याकाळीत तीनदा बोलला. उद्या दूध नासणार."

सभेला खुर्च्या कमी पडल्या म्हणून चाचणीच्या खोलीतल्या फिरत्या खुर्च्या आणल्या. मौन मंडळाचे लोक पुढे बसले होते. मंडळी सज्जन दिसत होती, थोडी झोप झालेली. बाबांना हातांची खुर्ची दिली. ते जुना कोट घालून आले होते आणि चहाच्या खोलीत जाऊन आपल्या बरणीतले खिळे पाहून आले होते. भिंगताई मागे, भिंतीला टेकून उभी होती. आत्याही आली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, मी फक्त बसते.

प्रथम दातांचे डॉक्टर बोलले. त्यांचं बोलणं मनापासूनचं होतं, याबद्दल कोणालाही शंका येऊ नये. ते म्हणाले की वडील गेले त्या वर्षी ते रोज घरी येऊन होडीचा प्रसंग लावत. त्या मौनात त्यांना जे मिळालं ते सांत्वनाच्या शंभर वाक्यांत मिळालं नव्हतं. ज्या कलावंतानं एवढा संयम दाखवला, बोलता येत असून न बोलण्याचं धाडस केलं, त्याला आज समोर पाहून धन्य वाटतं. आता त्यांनीच सांगावं की त्या मौनात त्यांनी काय ठेवलं होतं.

सगळे बाबांकडे वळले. मधल्या साहेबांनी पेन उघडलं.

बाबा म्हणाले की पलीकडचा गाव भरायचा होता.

डॉक्टरांना वाटलं हे प्रतीक आहे. त्यांनी मान डोलावली. बाबांनी समजावून सांगितलं की तसं नव्हे. त्या वेळची यंत्रं हळू होती. नदीच्या पलीकडचा गाव यंत्रात भरायला वेळ लागे. तेवढा वेळ खेळणाऱ्याला कुठेतरी गुंतवायचं म्हणून कर्त्यांनी होडी घातली, आणि होडी रिकामी वाटू नये म्हणून होडीवालीला गाणं दिलं. ते गाणं त्यांनी आपल्या भाषेत आणलं होतं, वल्ह्याच्या तालात बसवून. मग तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, ही असली बाई आपल्याकडे चालायची नाही, काढा. बाबांनी काढलं. होडी काढता येत नव्हती, कारण गाव भरायचाच होता. म्हणून ती तशीच गेली, गप्प.

"म्हणजे ते मौन..." डॉक्टर म्हणाले.

"भरणं चालू होतं," बाबा म्हणाले.

खोलीत शांतता पसरली. मौन मंडळानं एवढी अस्सल शांतता कधी अनुभवली नसावी. मागून कोणाची तरी फिरती खुर्ची कुरकुरली.

मधले साहेब मदतीला धावले. ते म्हणाले की हेतू काहीही असो, परिणाम तर कलात्मकच झाला. तेव्हा आपण असं लिहू शकतो की परिस्थितीतून मौन निर्माण झालं आणि भाषांतरकारांनी ते स्वीकारलं. बाबांनी मान्य केलं की स्वीकारलं हे खरं आहे. त्यात विचार नव्हता एवढंच. जेवणाची वेळ झाली होती, साहेब दारात उभे होते. त्यांनी काढा म्हटलं नि यांनी काढलं. पुढे कितीतरी वर्षं लोक येऊन त्या मौनाचं कौतुक करू लागले, तेव्हा खरं सांगावं तर कौतुक जाईल असं वाटलं. शिवाय गप्प राहायची सवय लागते. ती एका गोष्टीपुरती राहत नाही, घरभर होते.

हे बोलताना त्यांनी मागे भिंतीकडे पाहिलं नाही. आत्यानं मात्र पाहिलं.

मग बाबांनी समोरच्या बशीतला चमचा उचलला. भिंगताईला वाटलं, आता वाजवतील आणि मला काहीतरी आणायला सांगतील. ती सवयीनं भिंतीपासून सुटलीसुद्धा. त्यांनी चमचा टेबलावर टेकवला, ठोका दिला, थांबले, पुन्हा ठोका दिला. कानसेननं मान वर केली. तो वल्ह्याचा ताल होता, जुन्या होडीचा, तस्साच. घरी कपावर वाजे तोही हाच होता. इतकी वर्षं तो ऐकून धावत येणाऱ्या भिंगताईनं, जिला जगातली प्रत्येक चूक दिसे, हे ओळखलं नव्हतं.

त्या ठोक्यावर बाबा गायले. आवाज फुटका होता, वरच्या सुराला नुसती हवा येई. पण शब्द एकही अडला नाही.

घरी म्हणती मुलगा,
नदी म्हणते गं बाई;
नदीहून जुनं कुणी
माझ्या गावामधे नाही.

बाप काठावर उभा,
शब्द नाही बोललेला;
त्याच्या हातचं हे वल्हं
मात्र ठेवूनिया गेला.

बस दिवा सांभाळून,
पार नेते तुला आता;
मीही पोचले तीरास
माझा दिवा सांभाळता.

चमचा त्यांनी पुन्हा बशीत ठेवला. गाणं सांगून झाल्यावर सांगणाऱ्यानं क्षणभर थांबायचं असतं, ऐकणाऱ्यांना काठावर उतरू द्यायचं असतं. त्यांनी तेवढं थांबून घेतलं.

"हे मी केलं होतं," ते म्हणाले. "जुन्या वल्ह्याला बसतं. नव्या वल्ह्याला बसतं की नाही ते मला ठाऊक नाही. माझी मुलगी इथेच कामाला आहे. ती तपासेल."

कार्यालयाच्या दृष्टीनं यात काही नवं नव्हतं. ती त्यांची मुलगी आहे आणि ती तपासते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे मधल्या साहेबांनी हे वाक्य टिपलंसुद्धा नाही. आत्यानं पदराला नाक पुसलं आणि शेजारच्याला सांगितलं की इथे धूळ फार आहे. भिंगताई भिंतीपासून दोन पावलं पुढे आलेली होती, तिथेच उभी राहिली. मागे जावं की पुढे हे तिला ठरवता येईना. शेवटी ती म्हणाली, "तपासते, बाबा."

साहेबांनी घसा साफ केला. ते म्हणाले की आता आपल्याकडे दोन्ही आहेत, मौनही आणि गाणंही. तेव्हा बटणाची योजना फारच योग्य ठरते. आपोआप अबोल...

"नको," दातांचे डॉक्टर म्हणाले.

ते इतका वेळ बशीतल्या चमच्याकडे पाहत होते. त्यांचा चेहरा दाढ काढल्यासारखा झाला होता, म्हणजे दुखत होतं आणि बरंही वाटत होतं. ते म्हणाले की इतकी वर्षं ते गाव भरण्याचा आवाज डोळे मिटून ऐकत होते, हे पचायला त्यांना वेळ लागेल. मंडळाचं काय करायचं हेही बघावं लागेल; पावत्या छापून झाल्या आहेत. पण ती बाई तेवढा वेळ काही सांगत होती आणि तिचं तोंड धरलेलं होतं, हे कळल्यावर पुन्हा त्या होडीत आपल्याला गप्प बसवणार नाही. बटण ठेवायचंच तर उलटं ठेवा. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं जावं दारं ओलांडत.

मग ते बाबांकडे वळून संकोचानं म्हणाले, "मधलं कडवं पुन्हा म्हणाल का? बापाचं."

बाबांनी म्हटलं. यावेळी चमच्याशिवाय.

साहेबांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. मौनवाल्यांचा अध्यक्षच बोलण्याच्या बाजूला गेल्यामुळे मध्य सरकला होता. ते मोकळ्या मनानं त्याच्या मागे गेले. मूळ कर्त्यांना कळवण्यात आलं की होडीवाली आपोआप बोलकी लागेल. मुलांच्या खेळात असली बाई नको म्हणणाऱ्या गटानं नंतर पुष्कळ आरडाओरडा केला, पण त्यांना बटण कुठे आहे ते सांगितलं गेलं. ते शोधण्यात त्यांचा बराच वेळ गेला, असं कळलं.

गाणं गायला कानसेननं एक गायिका शोधून आणली. तीही होडीवालीसारखीच एक काठ सोडून दुसऱ्या काठाला आलेली होती. तिनं शब्द वाचले, बाबांचा फुटका आवाज ऐकला, आणि विचारलं की हे कोणाच्या घरचं आहे. कानसेन म्हणाला, भाषांतर आहे. ती म्हणाली, बरं.

मग ते भिंगताईच्या टेबलावर आलं. तिनं होडी नदीपार नेली, परत आणली, पुन्हा नेली. प्रवाशाला होडीच्या टोकावर उभा केला, दिवा विझवून पाहिला, गाणं चालू असताना नदीत उडी मारायला लावली. गाणं कुठे तुटलं नाही. तरी ती थांबली. तिनं कानसेनला बोलावलं, त्यालाही ते पटलं. नव्या खेळातली होडी मोठी होती, वल्हं लांब होतं आणि पाण्यातून उशिरा निघत होतं. त्यामुळे मधल्या कडव्यात 'मात्र' हा शब्द येई तेव्हा वल्हं हवेत असे. ठोका पाण्यावर पडायला हवा, तो हवेत पडत होता.

तिनं चूक नोंदवली. दुरुस्ती भाषांतरकाराकडे, असं नियमाप्रमाणे लिहिलं. आणि भाषांतरकार घरी असल्यामुळे संध्याकाळी घरी नेली.

बाबा म्हणाले की चूक शब्दाची नाही, वल्ह्याची आहे. तिनं सांगितलं की वल्हं मूळ कर्त्यांचं आहे, ते बदलत नाही. शब्द पुढे घ्या. बाबा म्हणाले, शब्द पुढे घेतला तर बाप थांबल्याशिवायच निघून जातो. त्या कडव्यात त्यानं आधी थांबलंच पाहिजे, नाहीतर वल्हं ठेवण्याला काय अर्थ राहिला. ती म्हणाली, थांबायचं ते ओळीच्या आधी थांबावं, हवेत नव्हे. बाबा म्हणाले, तुला ताल कळत नाही. ती म्हणाली, तालावर वाढलेय मी, तुम्ही चमच्यानं वाढवलंय. बाबा हरल्यासारखे दिसले नाहीत. ते उठून भांडी घासायला गेले आणि नळ न सोडता मधलं कडवं म्हणून पाहू लागले. एकदा आधी थांबून, एकदा मध्ये थांबून.

जेवणाच्या टेबलावर चमचा तसाच पडला होता. आत्यानं तो उचलून डब्यात टाकला आणि वर्तमानपत्र उघडलं.

"अगं ए पोरी," बाबांनी आतून हाक मारली. "इकडे ये जरा. ओळीच्या आधी थांबलं तर बसतंय बहुतेक. तरी चूक वल्ह्याचीच आहे."

"आले. आणि वल्ह्याची नाही."

"वल्ह्याचीच."

आत्यानं वर्तमानपत्र खाली केलं. "दोघं गप्प होती," ती म्हणाली, "तेव्हा निदान बातम्या तरी वाचून व्हायच्या."